'खुनी'चं स्त्रीलिंग आणि सोमल कालवणाऱ्या बायका

प्रश्न असा आला आहे : "इतिहासातल्या स्त्री सीरियल किलर्सवर लेख लिहिते आहे. 'सीरियल किलर'ला मराठीत नेमका शब्द कोणता? ती बाई असेल तर 'खुनीण' म्हणायचं का? आणि 'विषकन्या' किंवा 'काळी विधवा' हे शब्द चालतील का?"

आधी सोपं उत्तर देते. 'खुनीण' नको. माळी-माळीण, शेजारी-शेजारीण, वैरी-वैरीण असं सहज म्हणणारी आपली भाषा 'खुनी'पाशी थांबते, आणि थांबते तेच बरोबर आहे. 'खून' हा शब्द फारसीतला. तिकडे त्याचा अर्थ रक्त. मराठीत आल्यावर तो अर्थ 'जीव घेणं' असा झाला. त्यावरून झालेलं 'खुनी' हे मुळात विशेषण आहे : खुनी हल्ला, खुनी नजर. सरकारी, गुलाबी, शहरी यांना जसं लिंग लागत नाही तसं यालाही लागत नाही. नाम म्हणून वापरलं तरी तो स्वभाव सुटत नाही. तो खुनी, ती खुनी. खुनी पकडला, खुनी पकडली. लिंगाचं काम क्रियापद करतं आणि ते पुरतं.

'मारेकरी'चं व्याकरण वेगळं आहे. वारकरी-वारकरीण तसं मारेकरी-मारेकरीण होऊ शकतं, कानालाही खटकत नाही. अडचण अर्थाची आहे. मारेकरी 'घालतात', म्हणजे पाठीमागे घालणारा कुणीतरी असतो. हल्ली बातम्यांत कुणालाही मारेकरी म्हणतात, पण जुन्या वापरातली ही छटा मला गमवावीशी वाटत नाही. तुमच्या लेखात रोमची लोकुस्ता असेल तर तिला हा शब्द चपखल बसेल. इसवी सन ५५ मध्ये रोमन सम्राट नीरोनं आपला सावत्र भाऊ ब्रिटानिकस याच्यासाठी विष करवून घेतलं ते तिच्याकडून. ती दुसऱ्याच्या कामाला विष पुरवत होती. पुढे नीरो गेला, गाल्बा आला आणि त्यानं तिला देहदंड दिला. पण इंग्लंडमध्ये घरच्यांनाच विष घालणाऱ्या मेरी अ‍ॅन कॉटनला कुणी घातलं नव्हतं. तिला मारेकरीण म्हटलं की वाचक नकळत तिच्यामागचा माणूस शोधू लागतो.

'हत्यारा'चं 'हत्यारी' करू नका. मराठीत 'हत्यारी पोलीस' म्हणजे हत्यारबंद पोलीस.

आता 'सीरियल'कडे. जर्मन पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यानं १९३० मध्ये पेटर क्युर्टेन या खुन्याबद्दल लिहिताना 'मालिकेनं खून करणारा' अशा अर्थाचा जोडशब्द वापरला होता. इंग्रजी शब्द रूढ झाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, अमेरिकी तपासयंत्रणांमुळे. त्याचा सरळ अनुवाद 'मालिका खुनी' असा होतो, पण आज 'मालिका' म्हटल्यावर डोळ्यापुढे रोज रात्रीची टीव्ही मालिका येते. 'क्रमिक' शब्दाला पाठ्यपुस्तकाचा वास आहे. 'साखळी'त एक कडी दुसरीत अडकलेली असते. आपण साखळी बॉम्बस्फोट म्हणतो ते एकाच कटातले, पाठोपाठ झालेले. सीरियल किलरच्या दोन खुनांत मात्र महिने किंवा वर्षं जातात, आणि मधल्या काळात ती व्यक्ती चारचौघांसारखी जगत असते.

माझं मत 'सत्र' या शब्दाला आहे. चोऱ्यांचं सत्र, आगींचं सत्र, खुनांचं सत्र असं आपण न शिकवता म्हणतो. मूळ सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ, आणि महाभारतात जनमेजयानं केलं ते सर्पसत्रच. एकामागून एक साप येऊन पडताहेत, आणि कुणी थांबवेपर्यंत ते थांबत नाही. सीरियल किलिंगचं याहून नेमकं चित्र मला दुसऱ्या मराठी शब्दात दिसत नाही. तेव्हा कृतीला 'खूनसत्र' म्हणा. व्यक्तीला एका शब्दात बसवायचंच असेल तर 'सीरियल किलर' सरळ देवनागरीत लिहा. वाचकाला तो कळतो. नवा शब्द घडवण्यापेक्षा 'तिनं चौदा वर्षं हे सत्र चालवलं' असं वाक्य करणं मराठीला जास्त मानवतं.

हे 'चौदा वर्षं' सहज लिहिलं नाही. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या गेशे गॉटफ्रीडनं १८१३ ते १८२७ या काळात पंधरा जणांना मारलं. त्यात तिचे आईवडील होते, जुळा भाऊ होता, पोटची मुलं होती, नवरे होते. आजाऱ्यांच्या उशाशी ती इतक्या निगुतीनं बसायची की गावानं तिला 'ब्रेमेनची देवदूत' म्हणायला सुरुवात केली. तिचं साधन होतं 'उंदीर-लोणी' : सोमल (म्हणजे आर्सेनिक हे विष) कालवलेली चरबी, उंदरांसाठी मिळायची. तिचं घर विकत घेतलेल्या एका कारागिराला मांसाच्या तुकड्यावर पांढरे कण दिसले, त्यानं ते डॉक्टरकडे नेले, आणि १८२८ मध्ये ती पकडली गेली. १८३१ मध्ये भर चौकात तिचा शिरच्छेद झाला.

जर्मन भाषेत अशा बाईसाठी शब्द आहे, त्याचा अर्थ 'विष कालवणारी'. हा आपण उचलावा असं मला मनापासून वाटतं. कालवणं हे स्वयंपाकघरातलं क्रियापद आहे, आणि अशा अनेक जणींचं शस्त्र तिथेच होतं. सोमलाला चव नाही, उलट्या-जुलाब पटकीसारखे होतात, आणि त्या काळचा डॉक्टर दाखल्यावर पोटाचा ताप लिहून मोकळा व्हायचा. १८३६ मध्ये जेम्स मार्शनं सोमल हुडकण्याची खात्रीची चाचणी दिली. १८५१ मध्ये ब्रिटनमध्ये सोमलाच्या विक्रीची नोंद ठेवणं आणि त्यात काजळी किंवा नीळ मिसळणं कायद्यानं सक्तीचं झालं, ते पांढरी पूड पिठासाखरेत ओळखू यावी म्हणून. तरीही मेरी अ‍ॅन कॉटनचं सत्र चालूच राहिलं. १८७२ मध्ये तिचा सात वर्षांचा सावत्र मुलगा गेला तेव्हा संशय उठला. १८७३ च्या मार्चमध्ये डरहॅमच्या तुरुंगात ती फाशी गेली, त्या एका खुनासाठी. संशय वीसेक मृत्यूंचा होता.

तिला सर्रास 'ब्लॅक विडो' म्हणतात, त्यावरूनच तुमचा 'काळी विधवा'चा प्रश्न आला असणार. मराठीत हा शब्द कृपया नको. इंग्रजीत तो आठ पायांच्या एका कोळ्याचं नाव आहे, मराठी वाचकाच्या मनात तो कोळीच नाही. उरते ती फक्त विधवा. आणि आपल्या भाषेनं विधवांना आधीच काय काय म्हणून ठेवलंय! 'पांढऱ्या पायाची', 'नवऱ्याला खाल्लं'. ज्या बायकांनी काहीच केलं नाही त्यांना खुनी ठरवणारे हे वाक्प्रचार. खरोखर नवरा मारणारीसाठी त्याच शब्दांना हात लावला, तर तो आरोप पुन्हा त्या निरपराध बायकांच्याच अंगावर जातो. 'चेटकीण' मी याच कारणासाठी टाळते.

'विषकन्या' ऐकायला फार देखणा शब्द आहे, पण अर्थानं उलटा. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातली विषकन्या नंदांचा अमात्य राक्षस यानं चंद्रगुप्तासाठी योजलेली. चाणक्यानं डाव फिरवला आणि मेला राजा पर्वतक. तिथे बेत अमात्यांचा आणि ती त्यांच्या हातातलं हत्यार. गेशे गॉटफ्रीड कुणाच्या हातातली नव्हती. तिच्या कृत्याची मालकी तिचीच होती आणि शब्दानं ती तिच्याकडेच ठेवायला हवी.

याच्या दुसऱ्या टोकाचा शब्द युरोपातल्या अनेक भाषांत आहे : 'देवदूत घडवणारी'. पैसे घेऊन नकोशी तान्ही मुलं सांभाळायला घ्यायची आणि मारून टाकायची, अशा बायकांना, आणि चोरून गर्भपात करणाऱ्यांनाही, जर्मन, डॅनिश, हंगेरियन लोक हे म्हणत. मेलेलं मूल देवदूत होतं ही त्यामागची श्रद्धा. डेन्मार्कमध्ये १९२१ साली दाग्मार ओव्हरबी हिला नऊ तान्ह्यांच्या खुनासाठी देहदंड सुनावला गेला (पुढे तो जन्मठेपेवर आला), तेव्हा हाच शब्द लोकांच्या तोंडी होता. लेखात तो द्या, पण लगेच पुढे 'म्हणजे तान्ही मुलं मारणारी' असं लिहा. एकटा ठेवलात तर तो मखमली पडद्याचं काम करतो.

लिंगाचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून रशियातलं एक उदाहरण राखून ठेवलं होतं. दार्या साल्तिकोवा या जमीनदारणीवर आपल्या ३८ भूदासांच्या (जमिनीला बांधलेल्या कुळांच्या) मृत्यूंचा दोष सिद्ध झाला. १७६८ मध्ये राणी कॅथरीननं तिची खानदानी काढून घेतली आणि तिला बापाचं वा नवऱ्याचं आडनावही लावायला बंदी केली. मॉस्कोच्या लाल चौकात तिला तासभर खांबाला बांधून उभं केलं. त्याच हुकुमाच्या कागदावर 'ती' या शब्दाशेजारी राणीच्या हातचं 'तो' आहे असं सांगतात : ही बाई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही, असा त्याचा अर्थ लावतात. पण चौकात तिच्या गळ्यात अडकवलेल्या पाटीवरचे दोन्ही रशियन शब्द स्त्रीलिंगीच होते. 'छळणारी आणि जीव घेणारी'.