मंडळाने पाडलेली पन्नास रुपयांची नाणी

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचं हे ५० वं वर्ष आहे, म्हणून आनंदमेळा ठेवला आहे. स्टॉलवर सुट्या पैशांची कटकट नको आणि लोकांकडे आठवणही राहावी, या विचाराने वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपकडून पितळेची १,००० नाणी करून घेतली. एका बाजूला बाप्पा, दुसऱ्या बाजूला '५० रुपये', वर्ष आणि चार सिंहांची राजमुद्रा. पन्नास रुपये देऊन नाणं घ्यायचं, कुठल्याही स्टॉलवर चालवायचं, उरलं तर परत करून पैसे घ्यायचे. जांभळी नाक्यावरचे दोन दुकानदारही महिनाभर ते स्वीकारायला तयार आहेत. शंभरेक नाणी स्टॉलवाल्यांकडे आणि देणगीदारांकडे गेलीसुद्धा. आता आमचे खजिनदार म्हणतात, हा गुन्हा आहे. सरकार ७५ आणि ३५० रुपयांची नाणी काढतं, ती बाजारात कोणी वापरतही नाही. मग आमच्या नाण्याने कोणाचं काय बिघडतं? वर्कशॉपवाले बाकीच्या पैशांसाठी मागे लागले आहेत. काय करावं?
– मंडळाचे चिटणीस, ठाणे

उत्तर : चिटणीस साहेब, खजिनदारांचं ऐका. एकही नाणं मेळ्यात फिरू देऊ नका, आणि बाहेर गेलेली शंभर आजच गोळा करायला लागा.

२०११ च्या नाणे कायद्याचं कलम १२ सांगतं की, सरकारच्या अधिकाराशिवाय कोणीही धातूचा तुकडा, त्यावर छाप असो वा नसो, पैसा म्हणून चालवण्यासाठी नाणं म्हणून वापरायचा नाही. कलम १३ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तुम्ही कोणाला फसवायला निघाला नव्हता, हे मला पत्रावरून पटतं. पण इथे पहिला प्रश्न फसवणुकीचा नसतोच. तो तुकडा पैशाचं काम करणार होता का, हे पाहिलं जातं. तुमचा करणार होता. त्यावर रुपयांत किंमत आहे, तो कुठल्याही स्टॉलवर चालतो, परत केला की रोख मिळते. वर नाक्यावरच्या दुकानांतही महिनाभर चालणार! मंडपाबाहेरच्या दुकानदाराने साखर देऊन ते नाणं गल्ल्यात टाकलं की त्याला आठवणवस्तू म्हणणं फार अवघड जाईल. या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता सरकारच्या ७५ रुपयांच्या नाण्याबद्दल. तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच वकिलांनाही चटकन सांगता येत नाही. सरकारलासुद्धा मनाला येईल ते नाणं पाडता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत चलन आणि नाणी हा विषय केंद्राच्या यादीत, ३६ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे उद्या मंत्रालयाने ठरवलं तरी महाराष्ट्र शासन एक रुपयाचंही नाणं काढू शकत नाही. केंद्रालाही मर्यादा आहे : नाणे कायद्याच्या कलम ४ प्रमाणे नाण्याची किंमत १,००० रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि त्याचा आकार, नक्षी, धातूंचं प्रमाण नियमांनी ठरलेलं हवं. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनाला निघालेलं ७५ रुपयांचं नाणं घ्या. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के, हे सगळं अधिसूचनेत छापलेलं आहे. बाजारात ते फिरत नाही, टांकसाळ ते संग्राहकांना जास्त किमतीला विकते. पण कायद्याच्या व्याख्येत स्मारक नाणंही नाणंच आहे. (त्याच व्याख्येत भारत सरकारची एक रुपयाची नोटसुद्धा 'नाणं' म्हणून धरली आहे.) आणि रोजच्या व्यवहारातलं नाणं चलनात आणायचं तर तेही रिझर्व्ह बँकेमार्फत.

खिशातलं एखादं नाणं काढून वर्षाच्या खाली बघा. बारीक चौकटच्या आकाराची खूण असेल तर ते फोर्टातल्या मुंबई टांकसाळीचं. तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. प्रत्येक नाण्यामागे कोणीतरी जबाबदार आहे, याची ती खूण असते. आपल्याकडे पेशवाईत परवाने घेऊन सोनार-सावकार टांकसाळी चालवत. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी सराफ बट्टा कापून घेई, आणि तो भुर्दंड शेतकऱ्याला नि बाजाराला आलेल्या बाईला पडे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकच रुपया केला तो या गोंधळावर. तुमच्या नाण्याने काय बिघडतं, तर हे : मेळा संपल्यावर कोणाच्या तरी आजीकडे चार नाणी राहतील आणि दुकानदार म्हणेल, 'मंडळाकडे जा.'

राजमुद्रेची चूक वेगळी आणि तितकीच गंभीर. सरकारचा संबंध आहे असा समज होईल अशा रीतीने ती वापरायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय राजमुद्रा आणि रुपये एकत्र आले की भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ मधल्या बनावट नाण्यांचा विषय कोणीतरी काढणारच. समोर बाप्पा असताना तो आरोप टिकणं मला कठीण वाटतं. तरी साम्य इतकं असेल की एखादा फसू शकेल, तर फसवायचा हेतू कायदा गृहीत धरतो आणि तो नव्हता हे तुम्हाला दाखवावं लागतं. ती वेळ कशाला येऊ द्यायची?

तेव्हा कार्यकारिणीची सभा बोलावून नाणी न वापरण्याचा ठराव इतिवृत्तात घ्या. कोणाकडून किती परत आली, याची तारीखवार यादी ठेवा आणि सही घ्या. दोन्ही दुकानदारांना लेखी कळवा. वर्कशॉपकडून धातूचं बिल मागून घ्या, हे विसरू नका : सरकारी नाण्यांच्या प्रमाणातलाच मिश्रधातू जवळ सापडला तर नाणे कायद्याच्या कलम १२ चा भंग झाला असंच धरलं जातं, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. पाच रुपयांच्या नाण्याचं पितळ निकेल मिसळलेलं असतं. तुमचं साधं तांबं-जस्ताचं असेल तर बिलावरच दिसेल.

वर्कशॉपच्या पैशांवरून भांडू नका. बेकायदा वस्तू करून देण्याचा करार करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल ठरतो, त्यामुळे ते कोर्टात जाऊन फारसं काही मिळवतील असं नाही. पण घडवणारे म्हणून तेही तुमच्याइतकेच अडचणीत आहेत. त्यांना विश्वासात घ्या. मागची बाजू घासून तिथे मंडळाचं नाव आणि 'सुवर्णमहोत्सव' असा नवा ठसा मारून द्यायला सांगा, मजुरी वाजवी धरून हिशेब मिटवा, आणि जुना साचा पंचांसमोर मोडून तशी नोंद करा. रुपये आणि राजमुद्रा गेली की उरतं ते पदक. सराफाकडे लक्ष्मीची छाप असलेली चांदीची नाणी उघड विकली जातात ती याच कारणाने, त्यावर चलनाची किंमत नसते. ही पदकं देणगीदारांना खुशाल द्या.

मेळ्यासाठी कागदी कुपनं छापा. मंडळाचं नाव, अनुक्रमांक, मेळ्याची तारीख आणि 'फक्त मेळ्यातील स्टॉलवर' एवढं त्यावर असू द्या. पैसे मंडळाने घ्यायचे, रात्री स्टॉलवाल्यांशी हिशेब करायचा, उरलेली कुपनं त्याच रात्री परत घ्यायची. मंडपाबाहेरच्या दुकानात ती चालवू नका. पोलिसांची नोटीस आलीच, तर जबाब देण्याआधी ठराव, यादी आणि बिल घेऊन वकिलाला भेटा.