जाळी टाकली, आता बसूनच राहायचं का?

‘यांना जाळी टाकली आहे, म्हणून कशालाच हात लावू देत नाही आम्ही. बरोबर करतोय ना?’

अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी उघडून तिथे जाळी (स्टेंट) बसवणं, होऊन महिना-दोन महिने झाले की घरचे हे विचारतात. कधी बायको, कधी मुलगा, कधी सून. जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, गाव कुठलंही असो, वाक्य तेच. प्रश्नचिन्ह असलं तरी त्यांना उत्तर नको असतं, शाबासकी हवी असते. शेजारच्या खुर्चीत तो माणूस बसलेला असतो. हा कालपरवापर्यंत पहाटे उठून मोटर चालू करायला जात होता. आता पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात आणून देतात.

यातल्याच एका घराबद्दल लिहिते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात भेटी तीन-चार प्रसंगांत आणल्या आहेत.

तापीकाठच्या गावातले केळी उत्पादक, वय ५३. उजवी धमनी बंद पडून झटका आला, एक जाळी बसली. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, त्यात पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते, ४५ टक्के आलं. साधारण ५५ ते ७० टक्के असतं. म्हणजे स्नायूला इजा झाली होती, पण मोठी नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी चालायला सांगितलं होतं आणि तसं कागदावर लिहूनही दिलं होतं. तरी सात आठवडे ते ओट्यापलीकडे गेले नव्हते. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र उशाशी होतं, बीपीचं यंत्र खाटेखाली. दिवसातून पंधरा-वीस वेळा मोजणं चाले. आकडा चांगला आला की दहा मिनिटं बरं वाटे, मग परत शंका.

‘आते मी काय कामना?’ पहिल्या भेटीत ते एवढंच बोलले.

माझा कल आधीच सांगते. भीती कुठून आली हे खोदण्याआधी तिच्यामुळे माणूस रोज काय काय टाळतो, ते मी पाहते. टाळल्यानं त्या क्षणी सुटका होते आणि तेवढ्यानंच भीती पोसली जाते. जो जिना चढलाच नाही, तो चढला असता तर काय झालं असतं हे त्या माणसाला कधीच कळत नाही. म्हणून ‘काही होत नाही, घाबरू नका’ हे वाक्य मी वापरत नाही. डॉक्टरांनी, मेहुण्यानं, मेडिकलवाल्यानं ते आधीच दहादा सांगितलेलं असतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, ‘जोर लावला तर नेमकं काय होईल असं वाटतं?’

बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘खोकला उना तरी वाटस, जाळी सरकी गयी.’

ही भीती फार जणांना असते आणि फार थोडे ती डॉक्टरांसमोर बोलतात. प्रश्न अडाणी वाटेल, अशी लाज असते. तो अडाणी मुळीच नाही. छातीत धातूचा तुकडा आहे म्हटल्यावर तो कशानं धरून ठेवला आहे, हे विचारायलाच हवं.

‘तुमच्या ठिबकला प्रेशर किती लागतं?’

‘एक किलो.’

‘आणि बारा किलो सोडलं तर?’

‘नळ्या फाटी जातीन.’

जाळी फुग्यावर घट्ट मिटवून धमनीत नेतात आणि फुगा साधारण १० ते १६ अ‍ॅटमॉस्फिअर दाबानं फुगवतात. एक अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे जवळजवळ ठिबकवाल्यांचा एक किलो. त्या दाबानं जाळी उमलते आणि धमनीच्या भिंतीत रुतून बसते. आता रक्तदाब पाहू. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ७६० मिलिमीटर म्हणजे एक अ‍ॅटमॉस्फिअर. १२० चा दाब म्हणजे किलोचा सहावा हिस्सा. जोराचा खोकला आला, जड उचललं आणि दाब २०० वर गेला, तरी तो पाव किलोच्या जरासा वर. कागदावर मी एवढंच लिहिलं: बसवताना १२, खोकताना पाव.

त्यांनी कागद जवळ ओढला. ठिबकचा हिशेब आयुष्यभर केलेला माणूस, दुसऱ्यानं केलेली आकडेमोड स्वतः तपासल्याशिवाय सोडणार नाही. ‘पाव किलोनं प्रेशर बारा किलोले काय हालाडी?’ असं स्वतःशीच म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. त्याआधी दोन्ही भेटींत ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

याच ठिकाणी दुसरी चूक होण्याचा संभव असतो. ‘नळी मोकळी झाली, मग गोळ्या कशाला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. इथे ठिबकचा दाखला थांबवावा लागतो. ठिबकच्या नळीत क्षार आतून साचतात, अ‍ॅसिड सोडलं की निघून जातात. धमनीत चरबी भिंतीच्या आत साचते. तिच्यावरचा पातळ पापुद्रा फाटला की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. झटका येतो तो बहुतेकदा असा. जाळीनं एक जागा उघडली, बाकीच्या भिंती आहेत तशाच आहेत. तो पापुद्रा जाड राहावा म्हणून अ‍ॅटॉरव्हास्टॅटिनसारखी गोळी. जाळीवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत तिच्यात गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर; दोन्ही एकत्र झटक्यानंतर सहसा वर्षभर. जाळी सरकत नाही, पण या दोन गोळ्या मध्येच सोडल्या तर ती बंद पडू शकते. दात काढायचा असो की लग्नाच्या गडबडीत गोळ्या संपलेल्या असोत, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवायच्या नाहीत. भीती बाळगायचीच असेल तर या गोष्टीची बाळगावी.

तिसऱ्या भेटीत तज्ज्ञांची संमती घेऊन त्यांना दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. नाडी ६६ वरून ८८ वर गेली. ‘चालता चालता माझ्याशी बोला,’ असं सांगितलं होतं. वाक्य न तुटता बोलता येत असेल तर वेग योग्य. बोलताना धाप लागली तर कमी करायचा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असलेल्यांना नाडीच्या आकड्यापेक्षा हीच खूण खरी, कारण त्या गोळीमुळे आकडा हवा तेवढा वाढत नाही.

ते चालत होते आणि त्यांची बायको मागून येत होती. एक हात पुढे, जणू ते आत्ता कोसळतील आणि तिला झेलायचं आहे. सहा मिनिटं तो हात खाली आला नाही. त्यांचा श्वास नीट होता, तिला घाम फुटला होता. तोवर मी सगळा वेळ त्यांच्या भीतीवर घालवला होता. घरातली मोठी भीती दुसऱ्याच खुर्चीत बसली होती.

त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि म्हटलं, ‘ताई, रात्री झोप लागते का?’

‘नाही लागत. त्यांच्या छातीवर हात ठेवून पडते. श्वास चालू आहे का बघते.’

‘कधीपासून?’

‘त्या रातपासून.’

मग ती रात्र बाहेर आली. जेवणात शेवभाजी होती, तीही यांनी हट्टानं करायला लावलेली. दहाच्या सुमाराला पोटाच्या वर जळजळ, मळमळ, घाम. तिनं ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. ‘गॅस शे, सकायले पाहू,’ असं ते स्वतःच म्हणाले. दवाखान्यात पोहोचले पहाटे चारला. सहा तास.

‘डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मीच सोडा पाजत बसली.’

एका दुखण्याच्या दोन गोष्टी त्या घरात चालू होत्या. त्यांना वाटत होतं, त्या दिवशी २५ किलोचा केळीचा घड उचलला म्हणून झटका आला, तेव्हा आता वजन नको. तिला वाटत होतं, माझ्यामुळे उशीर झाला, तेव्हा आता त्यांच्यावरची नजर काढायची नाही. दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि दोघांचा दिवस त्या खाटेभोवती अडकला होता. तिची बंदी म्हणजे त्या सहा तासांची फेड होती. हे लक्षात आल्यावर माझ्या कामाचा क्रमच बदलला. आता कुठलंही घर माणसाला बसवून ठेवत असलं की मी बंदी घालणाऱ्याला आधी विचारते, ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ दहांतल्या कितींना रडू येतं हे मोजलेलं नाही, पण हा प्रश्न फुकट गेल्याचं मला आठवत नाही.

तिला खोटा दिलासा दिला नाही. उशीर झाला, हे खरं. धमनी बंद झाल्यावर स्नायू अर्ध्या तासाच्या आतच मरू लागतो आणि पुढच्या प्रत्येक तासाला नुकसान वाढतं. पण हृदयाचा खालचा भाग दुखावला की दुखणं पोटाचं, पित्ताचं वाटतं. शिकलेली माणसंही त्यात फसतात. ‘ताई, त्या रात्री जे गेलं ते त्यांना बसवून ठेवून परत येणार नाही. उरलेलं हृदय चाललं तर मजबूत होईल. उद्यापासून तुम्ही मागे चालायचं नाही, शेजारी चालायचं.’

‘पण आमचे सासरे गेले तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, हलायचं नाही.’

तेही खरं. एके काळी वैद्यकशास्त्रच झटक्यानंतर चार-सहा आठवडे अंथरुणात पडून राहायला लावत असे. १९५२ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल लिव्हाईन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं आणि ते सुरक्षित असल्याचं दाखवलं. पडून राहण्यातच पायात गुठळ्या होतात, स्नायू गळतात. पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांची पाहणी मांडली. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. घरातली जुनी समजूत मूर्खपणाची नसते. ती त्या काळच्या डॉक्टरांचीच असते, फक्त पुढची बातमी घरापर्यंत आलेली नसते.

मग वेळापत्रक बसवलं. ज्यांचा झटका गुंतागुंतीशिवाय निभावला आणि तज्ज्ञांनी परवानगी दिली, त्यांना साधारण असंच चालतं. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ, सहाव्या आठवड्याला सलग ३० मिनिटं. सुरुवातीची आणि शेवटची ५ मिनिटं सावकाश. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, दाब उतरतो आणि चक्कर येते. त्या चक्करेला लोक दुसरा झटका समजतात आणि चालणं कायमचं बंद होतं. जेवणानंतर तासभर थांबायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत परतायचं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारायचं.

वजनाचं वेगळं. पहिले काही आठवडे ५ किलोच्या आत, मग टप्प्याटप्प्यानं. उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा. कोंडला की दाब एकदम चढतो. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो, त्याला आणि केळीच्या घडाला घाई नको. बायपास झालेल्यांनी हे वेळापत्रक उचलू नये, त्यांचं छातीचं हाड जुळायचं असतं.

यंत्रं कपाटात गेली. बीपी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी: पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दंड उघडा ठेवून. मधे मोजायचं नाही. पहिले चार दिवस त्यांना हे चालण्यापेक्षा अवघड गेलं.

घाबरून झालेलं दुखणं आणि हृदयाचं दुखणं यांत फरक कसा करायचा, हे भिंतीला चिकटवायला दिलं. बोटाच्या टोकानं दाखवता येतं, क्षणभर टोचतं, दाबलं की वाढतं, ते सहसा हृदयाचं नसतं. छातीवर कुणी बसल्यासारखं जड वाटतं, हात, जबडा, पाठ किंवा बेंबीच्या वर पसरतं, घाम येतो, ते हृदयाचं धरायचं. मधुमेह असेल तर नुसती धाप किंवा गळून जाणंही त्यात धरायचं. अशा वेळी बसायचं, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. सोडा नाही, ओवा नाही, मोटारसायकलवर बसवून नेणं नाही. शंका चुकली तर एक ईसीजी जास्त निघेल, एवढंच.

एक प्रश्न नवरा-बायको दोघंही विचारत नाहीत, म्हणून मीच काढते. दोन जिने दम न लागता आणि छाती न दुखता चढता येत असतील तर नवरा-बायकोचा संबंध सुरक्षित असतो. मात्र ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि सॉर्बिट्रेट कधीही एकत्र नाही, दाब जीवघेणा उतरतो.

बिडी त्यांनी दवाखान्यातच सोडली होती. झटक्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो, एवढं बळ कुठल्याही एका गोळीत क्वचितच असतं. पापड, शेव, लोणचं यांत आणि कळण्याच्या पिठातही मीठ असतं, ते धरून दिवसाचं एकूण मीठ एक चमचा. केळीचं विचाराल, तर रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्यांनी पोटॅशियम तपासल्याशिवाय रोज डझनावारी खाऊ नयेत. केळीच्या पट्ट्यात हे मुद्दाम सांगावं लागतं.

झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला खरं नैराश्य येतं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, गोळ्या घ्यायचाही कंटाळा, अशी अवस्था असेल तर ती ‘भीती’ म्हणून सोडू नका. त्यावर उपचार आहेत. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

सातव्या भेटीला दोघं आली तेव्हा फाइलची पिशवी त्यांच्या हातात होती. मळ्यापर्यंत चालत जाऊन येत होते, दोघंही. ती रात्री झोपू लागली होती, मध्ये एकदा जाग येते म्हणाली. निघताना मी सहज तिचं बीपी मोजायला सांगितलं. चाळिशीनंतर तिनं ते कधी मोजलंच नव्हतं. १६२/९८ आलं. पाच मिनिटांनी परत मोजलं, तेवढंच. ते तिच्याकडे पाहून म्हणाले, ‘चाल, आते तुना कागद काढू,’ आणि केसपेपरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.