गणपती पेठेतल्या गल्ल्यावर बसताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून तू सांगलीच्या आपल्या किराणा दुकानात बसायला लागलास हे पेठेत कळलंच होतं. आता तू विचारतोस की बाबांनी वाचनालय, ट्रस्ट, पुरातली कामं यांत आयुष्य घातलं, पण किराण्यात पूर्वीसारखं मार्जिन उरलं नाही, मॉल आला, फोनवर ऑर्डर टाकली की घरपोच माल येतो. मग ही कामं सोडून देऊ का, की आधी दुकान सावरू आणि पुढे कधीतरी बघू?

तुझ्या प्रश्नात दुकान एकीकडे आणि गाव दुसरीकडे आहे. तुझ्या बाबांच्या डोक्यात अशी वाटणी कधीच नव्हती. त्यांचं गावासाठीचं बरंचसं काम गल्ल्यावर बसूनच झालं. त्याचा सत्कार कधी झाला नाही, फोटो कधी छापून आला नाही, म्हणून तुला ते दिसलं नसेल.

उधारीचंच घे. आपलं गिऱ्हाईक शेतीच्या पैशावर चालतं. तासगावकडच्या माणसाचा पैसा द्राक्षं उतरल्यावर किंवा बेदाणा विकल्यावर येतो, हळदवाल्याचा सौदे निघाल्यावर, ऊसवाल्याचा कारखान्यानं बिल काढल्यावर. बाबा प्रत्येकाचा हंगाम ओळखून उचापत, म्हणजे उधारीवर माल, देत आणि त्याच हंगामात मागत. मे महिन्यात ऊसवाल्याला तगादा लावला नाही आणि द्राक्षवाल्याला मार्चनंतर सोडलं नाही. व्याज कधी लावलं नाही, पण बाकीही बुडू दिली नाही. आणखी एक गोष्ट मी कितीदा पाहिली आहे. दुकानात चार माणसं उभी असताना ते कोणाची बाकी मोठ्यानं वाचत नसत. वही फिरवून समोरच्याकडे करायची, आकड्याखाली बोट ठेवायचं आणि दुसऱ्याच विषयावर बोलत राहायचं. ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातल्या बाईला बाकी सांगायला ते स्वतः उठून बाजूला जात. कॉम्प्युटरवर हिशेब घे, अवश्य घे, पण स्क्रीन गिऱ्हाइकांकडे तोंड करून लावू नकोस.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये याची किंमत कळली. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फुटांना आपण धोक्याची पातळी म्हणतो, म्हणजे बघ. पेठेत सगळ्यांनी २००५ च्या पुराची खूण धरून माल वर चढवला होता. पाणी त्या खुणेच्याही वर आलं. साखर विरघळली, कडधान्यांना कोंब फुटले, वास आठ-पंधरा दिवस हटला नाही. वह्यांचा लगदा झाला. बाबा पानं सुटी करून पंख्याखाली वाळवत बसले होते, पण शाई फुटलेली, निम्मं वाचता येईना. मग गिऱ्हाइकं यायला लागली. आपली बाकी आपणच सांगायची, काही जण तर जागेवर थोडे पैसे ठेवून जायची. सगळे आले असं मी म्हणणार नाही, काही कायमचे फिरकले नाहीत. पण जे आले त्यांच्या जोरावर दुकान दिवाळीच्या आत उभं राहिलं. वाचनालयाला दिलेल्या देणगीपोटी कोणी आलं नव्हतं. आले ते त्या फिरवलेल्या वहीपोटी.

त्याच पुरात त्यांनी जे केलं ते किराणा दुकानदारालाच जमण्यासारखं होतं. राज्यभरातून ट्रक येत होते आणि त्यांत जुन्या कपड्यांचे ढीग. माणसं भल्या मनानं पाठवत होती, मी नावं ठेवत नाही. पण चिखल भरलेल्या घरात माणूस परततो तेव्हा त्याला झाडू लागतो, फिनेल लागतं, काडेपेटी, मेणबत्ती, मीठ, तेल, एखादं पातेलं, बायकांना पॅड लागतात. पाच माणसांच्या घराला आठवडाभर किती तांदूळ, किती डाळ लागते हे बाबांना तोंडपाठ. मिरजेच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल उचलून त्यांनी तशी पोती बांधून घेतली, आणि कुठल्या गावाला कुठल्या बाजूनं टेम्पो पोचेल हे आपल्याच टेम्पोवाल्यांना विचारून ती रवाना केली. मेणबत्तीच्या पाकिटाला लोक मागाल ती किंमत द्यायला तयार होते, तेव्हा त्यांनी छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतला नाही. तुझ्या हातात जे कसब आहे त्यानंच गावाचं काम कर. रक्तदान शिबिराचा मांडव दुसरा कोणीही घालेल.

हे नवीन नाही. तासाभराच्या वाटेवर किर्लोस्करवाडी आहे, तू रेल्वेतून कितीदा पाहिली असशील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. लोखंडी नांगर काढला तर लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाचं माळरान दिलं. १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजक्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथं आले. कारखाना आणि गाव एकदमच वसलं. त्या काळात वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा त्यांचा दंडक होता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदार नेमलं. आधी नफा कमवू, मग समाजाकडे बघू, असं त्यांनी केलं असतं तर वाडी झालीच नसती. आणि नांगराचा फाळ लवकर झिजतो ही शेतकऱ्याची तक्रार त्यांनी मनावर घेतली नसती, तरी वाडी टिकली नसती. मला त्यांची ही दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. माल खोटा असेल तर बाकीच्या पुण्याईला कोणी विचारत नाही.

आता पैशाचं. इथं मी तुझ्या बाबांपेक्षा कडक आहे. ते गल्ल्यातून हात घालून देत, कुठं लिहीत नसत, आणि वर्षअखेर भांडवलाला भोक पडलेलं दिसे. तू तसं करू नकोस. ५ कोटींच्या वर नफा असलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. आपल्याला तो कायदा लागू नाही, पण तू स्वतःला एक आकडा घालून घे, वेगळ्या खात्यात टाक, आणि ते खातं संपलं की हात जोडून नाही म्हण. मंडळाच्या पोरांना राग येईल, येऊ दे. दुकान बुडालं तर पहिला उपाशी राहील तो आपला हमाल, मंडळ नव्हे.

हमालांचं नाव निघालंच आहे तर, त्यांच्यासाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे. माथाडी मंडळाची लेव्ही वेळेवर भर, वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ठरली असेल तेवढी दे, घासाघीस करू नकोस. बचत गटाच्या बायका पापड, मसाले आणून देतात त्यांचं बिल आठवड्यात चुकतं कर. लहान उत्पादकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडवायचे नाहीत असं २००६ चा कायदा सांगतो, पण त्या बाईला ४५ दिवस म्हणजे मुलाची फी थकली. तिचे पैसे अडवून शाळेला पंखे देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या पंख्यावर नाव घालायची त्यांना लाज कशी वाटत नाही, मला कळत नाही.

नगरसेवकपदासाठी तुला गळ घालतील. तुझा निर्णय तुझा, पण मी असतो तर घेतलं नसतं. गल्ल्यासमोर सगळ्या पक्षांची माणसं उभी राहतात, तेवढंच आपलं खरं वजन.

आणि घर. बाबा रात्री सभेला जात तेव्हा शटर ओढणं, दिवसाचा मेळ घालणं, हमालांना चहा देणं हे सगळं आईनं केलं. एकाही सत्कारात तिचं नाव आलं नाही. ट्रस्टच्या रिकाम्या जागेवर तू जावंस असं सगळे म्हणताहेत, पण माझं मत विचारशील तर आधी तिला विचार. हिशेब तिला तुझ्यापेक्षा चांगला कळतो, कोणाला किती दिलं आणि ते कुठं गेलं हे तिच्या लक्षात आहे. विश्वस्त म्हणून ती बसली तर मला मनापासून आनंद होईल. तू दोन वर्षं नुसतं दुकान शीक.

ती हो म्हणाली तर सभा लवकर लाव. ठराव झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, दाखल करावा लागतो. ठरावाची प्रत, बाबांच्या मृत्यूचा दाखला आणि तिचं संमतिपत्र एवढं तयार ठेव. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट वाचनालयाच्या कपाटात खालच्या खणात आहेत, किल्ली ग्रंथपालांकडे आहे. सभेच्या आधी ते आईला वाचायला दे. रविवारी दुपारी मी येतो, तेव्हा उधारीची यादीही काढून ठेव, हंगामाप्रमाणे लावून देतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका