साक्षगंध झालं, अन् पोरीचा रिपोर्ट ‘एएस’ आला

लग्न धानकापणीनंतर ठरलेलं. मधेच गावातल्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीत मुलगी ‘एएस’ निघाली. आशाताईंसोबत आलेल्या बापाने बसायच्या आधीच विचारलं, “आमच्या घरी तं कोणालेच नाही हे. पोरीले कुठून आलं? आता सोयरीक मोडते का?” गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत हाच प्रश्न येतो.

एएस म्हणजे सिकलसेलची वाहक, आजारी नव्हे. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तिच्या एका प्रतीत एकच अक्षर बदललेलं आहे. दुसरी चांगली असल्याने अशी माणसं सहसा आजारी पडत नाहीत, औषधही लागत नाही. मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं म्हणूनच हा बदल इतक्या पिढ्या टिकला. आईबापांपैकी एकाकडे तो असणारच, कधी तपासलंच नव्हतं एवढंच.

मूल आजारी व्हायला दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणजे बघायचं ते नवऱ्या मुलाचं रक्त. मुलाकडचे एक चिठ्ठी घेऊन आले: ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’, म्हणजे सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत काही आढळलं नाही. बाप निर्धास्त झाला. एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. या चाचणीत द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर ‘एस’ हिमोग्लोबिन, म्हणजे बदललेल्या प्रतीतून बनणारं, आहे एवढंच कळतं. एएस की एसएस (दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार), ते नाही. आणि बीटा थॅलेसेमियाचा (याच जनुकातल्या दुसऱ्या बिघाडाने होणारा आजार) वाहक तर यात सरळ निसटतो. आईकडून एस आणि बापाकडून थॅलेसेमिया आला, तर मूल एसएसइतकंच आजारी असू शकतं. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी चाचणी करायची: जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिली रक्त. ए-२ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की थॅलेसेमियाचा संशय. लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येतो, म्हणून सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहावी. आणि तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबावं.

मुलगा ‘एए’ निघाला, म्हणजे त्याच्यात ‘एस’ नाही, ए-२ही ठीक. या जोडप्याचं मूल वाहक असण्याची शक्यता दर वेळी ५० टक्के, सिकलग्रस्त होण्याची भीती नाही. तोही एएस असता तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के. “एक आजारी झालं, आता तीन चांगली” हा हिशेब चुकीचा. दर वेळी डाव नव्याने पडतो. अशा जोडप्याने पाळी चुकताच यावं, कारण गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत होते. “ते तं कायद्यानं बंद आहे ना?” बंद आहे ते लिंगनिदान. नोंदणीकृत केंद्रात सिकलसेलसाठी गर्भ तपासायला कायद्याची परवानगी आहे.

उठता उठता आई म्हणाली, दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. त्याचा इथे काहीएक संबंध नाही. मुलीच्या धाकट्या भावाची अन् काकाच्या पोरांची तपासणी मात्र बाकी होती. त्यांची नावं आशाताईंनी तिथेच लिहून घेतली.