"तुला कोणी विचारलं होतं?"

"मी मुलांना घडवतोय की बिघडवतोय?" हा प्रश्न अनेक प्रशिक्षक माझ्याकडे घेऊन येतात. चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचे हे सरही त्यासाठीच आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चुरशीच्या सामन्यात त्यांच्या एका खेळाडूने गोल केला आणि स्वतःहून रेफरीला सांगितलं, की चेंडू आधी माझ्या हाताला लागला होता. रेफरीला ते दिसलं नव्हतं. गोल रद्द झाला, सामना गेला. सर सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले, "तुला कोणी विचारलं होतं?" खिलाडूवृत्तीचे धडे देणारेही तेच. "मी ढोंगी आहे," ते मला म्हणाले.

हा शिक्का मला मान्य नव्हता. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो मुलांचा प्रामाणिकपणा तपासला, तेव्हा एका प्रसंगी सचोटीने वागणारं मूल दुसऱ्या प्रसंगी फसवताना आढळलं. मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं, असं मला वाटतं. म्हणून मी विचारलं, नेमक्या कोणत्या क्षणी तुमचा तोल जातो?

"चुका झाल्या की. पण एरवी मी धीरच देतो."

अशा उत्तरावर मी विसंबत नाही. 1970 च्या दशकात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं मैदानावर निरीक्षण केलं. प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याचा अंदाज फारसा नव्हता. मुलांनी केलेलं वर्णन वस्तुस्थितीच्या जास्त जवळ होतं. म्हणून सरांना सुचवलं, की तुमचं वागणं टिपायला सहाय्यकाला वही घेऊन बसवा आणि मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या: 'चूक झाल्यावर सर काय करतात?'

सरांना वाटत होतं, ओरडण्याबद्दल लिहितील. बऱ्याच चिठ्ठ्यांत होतं, 'सर पाठ फिरवतात.' ही सवय त्यांना ठाऊकच नव्हती, आणि मुलांना ओरडण्यापेक्षा तीच जास्त लागत होती. हे वाचून ते बराच वेळ बोलले नाहीत.

स्मिथ आणि स्मॉल यांनी पुढे काही प्रशिक्षकांना चुकीनंतर धीर द्यायला, शिक्षा टाळायला शिकवलं. त्यांच्या संघांतल्या मुलांना खेळात जास्त मजा आली, आत्मविश्वास कमी असलेल्यांना विशेष फायदा झाला. मात्र हारजितीत फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य सरांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. सौम्य झालो तर संघ ढिला पडेल, ही भीती त्यांच्या मनात खोलवर होती.

ओरडले सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखतच मागायची, हे त्यांचं त्यांनी ठरवलं आणि मागितली. एका पालकाला ते आवडलं नाही: "अशाने मुलं जिंकणार कशी?" सरांनी वाद घातला नाही.

त्यांचा आवाज अजूनही चढतो. पण चूक झाली की त्या मुलाकडे तोंड करून उभं राहायचं आणि 'पुढचा चेंडू' एवढंच म्हणायचं, हे ठरलेलं आहे. सहाय्यकाची वहीही चालू आहे. तुम्हाला हीच काळजी सतावत असेल तर चिठ्ठ्यांपासून सुरुवात करा, आणि अक्षरावरून मूल ओळखायला जाऊ नका.