सुबानेन भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळात नेमकी कुठे बसते? ती सेबुआनोचीच एक बोली आहे ना?

ते शेवटचं "बोली आहे ना" वाचलं आणि राहवलं नाही. नाही. सेबुआनोची तर अजिबातच नाही.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, अर्धं आयुष्य फिलिपिनो लोकांबरोबर गेलंय. एका बल्क कॅरिअरवर आमचा एक ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी होता, दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटाचा, झाम्बोआंगा देल नॉर्तेमधल्या सिंदांगानकडचा, सुबानेन. बाकी क्रू बहुतेक सेबू-बोहोलचा, म्हणजे बिसायावाले, सेबुआनो बोलणारे. त्यांच्यातलाच बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मेसमध्ये रोज त्याची खेचायचा, हा डोंगरातला, याची भाषा म्हणजे आमचीच, फक्त मोडकी. पोरगं खाली मान घालून भात न् सुकी मासळी खायचं. त्यात आमचा सेकंड इंजिनिअर, आपलाच मराठी माणूस, वर ज्ञान पाजळायचा की अरे हे सगळं मलायच, एक ते दहा मोजून बघ, सगळीकडे तेच आकडे. त्याच्याशी माझं वाजलं ते तिथे, आणि अजून मिटलेलं नाही.

एकदा पोर्टला सिमकार्डं मिळाली आणि ऑइलर मेसमध्येच आईशी बोलत बसला, बोसन अगदी शेजारी. फोन ठेवल्यावर मी बोसनला विचारलं, सांग काय म्हणाला तो. त्याने डोकं खाजवलं. म्हणे पैशाचं काहीतरी होतं. आणि तेही का कळलं, तर रक्कम स्पॅनिश आकड्यांत सांगितली म्हणून, तिकडे पैसे आणि घड्याळ बरेचदा स्पॅनिशमध्येच मोजतात. स्वतःच्या भाषेची बोली असती तर एवढ्या जवळून काहीतरी कळायला नको?

आता तुमचं उत्तर. ऑस्ट्रोनेशियन हे भाषांचं कूळ तैवानमधून पसरलं, तैवानबाहेरच्या सगळ्या शाखा मलायो-पॉलिनेशियन. त्यात भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्टने 1991 मध्ये 'ग्रेटर सेंट्रल फिलिपाइन' असा गट मांडला, त्याच्या अंदाजाने इ.स.पूर्व 500 च्या सुमाराला या गटाचा मोठा फैलाव झाला. त्या गटात टागालोग-बिकोल-बिसाया ही एक शाखा (सेबुआनो यातलीच) आणि सुबानेन ही दुसरी, स्वतंत्र. मानोबो, मारानाओ वगैरे अजून निराळ्या. म्हणजे सेबुआनो सुबानेनची आई नाही, चुलत बहीण आहे. गंमत अशी की याच गटात इंडोनेशियातल्या उत्तर सुलावेसीच्या गोरोन्तालो आणि मोंगोन्दोवसुद्धा येतात, आणि त्याच फिलिपिन्समधली लुझोनची इलोकानो येत नाही.

शेजार बघून नातं ठरवणाऱ्यांनी मिंदानाओजवळच्या सुलू बेटांकडे बघावं. तिथली तौसुग बोलणारे मुसलमान, त्यांचा इतिहास सल्तनतीचा, पण त्यांची भाषा बिसायाच्या घरातली, सख्खी. बोसनने खरं तर त्यांना "आमचीच भाषा" म्हणायला हवं होतं. सुबानेनच्या दाराशी असलेली चावाकानो तर स्पॅनिशपासून झालेली, आणि जवळच्या बासिलान बेटाची याकान सामा-बाजाव नावाच्या वेगळ्याच गटातली. साम्य वाटतं कारण विसाव्या शतकात बिसायावाले किनाऱ्यावर येऊन वसले, सुबानेन आत डोंगराकडे सरकले, आणि बाजार, चर्च, शाळा सगळं सेबुआनोत. 2012 ला सरकारने मातृभाषेतून शिक्षण आणलं तेव्हा पहिल्या 12 भाषांच्या यादीत सेबुआनो होती, चावाकानो होती, सुबानेन नव्हती. मग पोरं दुभाषी होणारच, आणि शब्द येणारच. उसने शब्द म्हणजे वंशावळ नव्हे हो.

आणि आमच्या सेकंडचं ते एक ते दहा. तीन सोडलं (सुबानेनमध्ये तेलू, मलायमध्ये तिगा) तर सहापर्यंत त्याचं बरं चालतं. सातला सुबानेनमध्ये पितू, मलायमध्ये तुजुह. आठला वालू, मलायमध्ये लापान. इथे मलायनेच जुने आकडे टाकून दिलेत, आणि तिकडे आफ्रिकेजवळच्या मादागास्करमध्ये आजही फितू, वालू मोजतात. त्या हिशोबाने मग सुबानेन मादागास्करची बोली म्हणायची का? हे मी त्याला तोंडावर विचारलं तर म्हणाला, "तू पंपाकडे लक्ष दे."

हां, हे सांगायचं राहिलं की ब्लस्टचा हा गट सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही, आणि फिलिपिन्सच्या सगळ्या भाषांचा मिळून एक गट धरायचा की नाही यावर तर चांगलीच भांडणं आहेत. शिवाय "सुबानेन" ही एकच भाषा नाही. सिंदांगानची मध्य, सियोकोनकडची पश्चिमी, लापुयानची दक्षिणी, अजून उत्तरी, पूर्वी, आणि मुसलमान कोलिबुगान लोकांची, असे पाच-सहा प्रकार धरतात. नावाचा अर्थच नदीकाठची माणसं असा आहे, तेव्हा कोणी सुबानेन भेटला तर कुठल्या नदीकडचा ते आधी विचारा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवं असेल तर "ग्रेटर सेंट्रल फिलिपाइनमधली स्वतंत्र शाखा, ब्लस्ट 1991" एवढं लिहा, मार्क कापायची कोणाची टाप नाही. आणि सेकंडसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर दहापर्यंत मोजून दाखवायचं अजून बाकी आहे.