आठव्या वेतन आयोगाच्या भरवशावर साठ लाखांचं कर्ज

प्रश्न : मी केंद्र सरकारी कर्मचारी, वय ४४, पोस्टिंग नाशिक. लेव्हल ७, मूळ वेतन ६०,४००, महागाई भत्ता ५८ टक्के, हातात साधारण ९५ हजार. बांधकाम चालू असलेला ७५ लाखांचा फ्लॅट बुक केला आहे. ३ लाख टोकन दिलं, ६० लाखांचं कर्ज मिळेल असं बँक म्हणते आणि उरलेल्या १२ लाखांच्या एफडी आहेत. करारनाम्याची नोंदणी पुढच्या महिन्यात. आठव्या वेतन आयोगात २.८६ फिटमेंट (जुन्या मूळ वेतनाला गुणून नवं काढायचा आकडा) मिळाला की पगार जवळजवळ तिप्पट होईल, तोवर ओढाताण काढू. सध्या घरभाडं १८ हजार. टॅक्स वाचावा म्हणून चार वर्षांपूर्वी घेतलेल्या एंडोमेंट (विमा अधिक बचत) पॉलिसीचा हप्ता वर्षाला दीड लाख (विमा २५ लाख, २० वर्षांनी ५० लाख मिळतील असं एजंट म्हणाला). आता नवी करप्रणाली घेतली आहे. सरकारची तूट कमी होतेय, व्याजदर उतरतायत, तर एफडी मोडून ते १२ लाख दोन वर्षांसाठी गिल्ट फंडात (सरकारी रोख्यांच्या म्युच्युअल फंडात) टाकावेत का?

उत्तर : नाही. हे १२ लाख गुंतवणुकीचे नाहीतच, ते फ्लॅटमधला तुमचा हिस्सा आहेत. बँक आधी तुमचा हिस्सा बिल्डरला भरायला लावते, मग स्वतःचे पैसे सोडते. म्हणजे दोन वर्षं हा पैसा तुमच्याकडे राहणारच नाही.

शिवाय तो पुरणारही नाही. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा : साडेचार लाख. नोंदणी फी ३० हजार. बांधकामाधीन घरावर ५ टक्के जीएसटी : पावणेचार लाख. बेरीज साडेआठ लाखांच्या वर, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही. बिल्डरने सांगितलेले ७५ लाख ‘सगळं धरून’ आहेत का, हे लेखी विचारा. नसतील, तर करार नोंदवायच्या आधीच तुम्हाला साडेआठ लाख कमी पडतायत.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही. २.८६ हा आकडा बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर फिरतोय, तो सरकारचा नव्हे. आणि फिटमेंट फॅक्टर म्हणजे पगारवाढ नव्हे. सातव्या आयोगात फॅक्टर २.५७ होता. पण १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्क्यांवर होता, म्हणजे मूळ वेतनाच्या सव्वादोन पट रक्कम लोकांना आधीच मिळत होती. २.५७ भागिले २.२५, खरी वाढ १४ टक्के. नवं वेतन लागू होतं तेव्हा महागाई भत्ता शून्यावर येतो, हे पेढे वाटताना कोणी सांगत नाही.

तुमचं गणित करू. आज मूळ वेतन अधिक महागाई भत्ता ९५,४००. म्हणजे १.५८ चा फॅक्टर मिळाला तर हातात एक रुपयाही वाढत नाही. सातव्याइतकीच १४ टक्के खरी वाढ धरली तर फॅक्टर १.८० च्या आसपास येतो आणि नवं मूळ वेतन १ लाख ८ हजार ७००. वाढ १३,३००. त्यातून एनपीएसचे (पेन्शन योजनेचे) १० टक्के आणि प्राप्तिकर गेला की हातात साडेनऊ-दहा हजार. २.८६ खरोखर मिळाला, तरी आजच्या बेरजेवर वाढ ८० टक्क्यांची होते. तिप्पट कुठूनच येत नाही.

आणि ८० टक्के का मिळणार नाहीत, ते तिजोरीकडे पाहिलं की कळतं. सातव्या आयोगाने वेतन, भत्ते आणि पेन्शन मिळून २३.५५ टक्के वाढ सुचवली, तिचा वर्षाचा बोजा १ लाख २ हजार कोटींचा होता. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यातले पावणेतेरा लाख कोटी नुसतं व्याज, म्हणजे खर्चाच्या रुपयातले २५ पैसे. त्याच अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करून सुमारे १ लाख कोटींचा प्रत्यक्ष कर सोडला, सप्टेंबरात जीएसटीचे दर कमी केले, आणि तूट जीडीपीच्या ४.४ टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्टही ठेवलं. हे सगळं एकाच तिजोरीतून व्हायचं आहे. अशा वेळी सरकार आकडा ठरवतं, तारीख ठरवतं आणि भत्ते मागे ठेवतं.

तारखेचंच बघा. आठव्या आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. कार्यकक्षेला मंजुरी मिळाली २८ ऑक्टोबरला आणि अहवालाला मुदत १८ महिन्यांची. म्हणजे अहवाल वेळेत आला तरी २०२७ चा मे उजाडेल. सातव्याचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, मंत्रिमंडळाची मंजुरी जून २०१६ च्या शेवटी. तेवढाच वेळ लागला तर तुमच्या खात्यात पैसे २०२७ च्या अखेरीस, कदाचित त्यानंतर. थकबाकी मिळेल म्हणाल, तर सहाव्यात ती दोन हप्त्यांत मिळाली, ४० टक्के आधी आणि ६० टक्के पुढच्या आर्थिक वर्षात. सातव्यात मूळ वेतनाची मिळाली, पण सुधारित घरभाडे भत्ता जुलै २०१७ पासून लागू झाला आणि मधल्या दीड वर्षाची भत्त्यांची थकबाकी दिलीच नाही. कोविडमध्ये जानेवारी २०२० ते जून २०२१ महागाई भत्ता गोठवला. जुलैपासून तो १७ वरून २८ टक्के झाला, मधल्या १८ महिन्यांचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. सरकार देणं पुढे ढकलू शकतं. तुम्ही हप्ता ढकलायला गेलात तर बँक सिबिलला कळवते.

हप्ता किती? निवृत्ती साठीला, म्हणजे हाताशी १६ वर्षं. ८ टक्क्यांनी लाखाला ९२५ रुपये, ६० लाखांना ५५,५००. पॉलिसीचे महिना १२,५००. ९५ हजारांतून उरले २७. ताबा मिळेपर्यंत भाडं १८ हजार, उरले ९. सुरुवातीला टप्प्याटप्प्याने उचललेल्या रकमेवर फक्त व्याज भराल, तेव्हा थोडी मोकळीक वाटेल. पण मुद्दल तसंच राहतं आणि प्रकल्प रखडला तर भाडं आणि व्याज दोन्ही चालू राहतात. ही दीड-दोन वर्षांची ओढाताण नव्हे. दहा हजारांची वाढ आल्यावरही घरातलं एक आजारपण तुम्हाला पर्सनल लोनकडे नेईल. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं चाललं आहे.

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत ठेवा : ३८ हजार, म्हणजे कर्ज ४१ लाख. एवढ्यात हे घर बसत नाही. एक तर लहान घर बघा, नाही तर थांबा. गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांची वजावट धरली असेल तर तीही खोडा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ती मिळत नाही.

करार नोंदवलेला नाही, हे नशीब. वाटपपत्र काढून रद्द करण्याचं कलम वाचा. महारेराच्या नमुना पत्रात ६० दिवसांनंतर रद्द केल्यास घराच्या किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत कपात आहे, म्हणजे दीड लाख. दिवस जातील तशी ती वाढते, म्हणून याच आठवड्यात ठरवा. बिल्डरचा माणूस ‘टोकन बुडेल’ म्हणून घाबरवेल. पूर्ण ३ लाख बुडाले असं धरलं तरी ती रक्कम तुमच्या साडेपाच हप्त्यांएवढी आहे.

आता पॉलिसी. कलम ८०सी साठी घेतली आणि नव्या करप्रणालीत ८०सी नाही. सरकारने नियम फिरवला आणि पॉलिसी घेण्याचं कारणच गेलं. तसं ते आधीही भक्कम नव्हतं. वर्षाला दीड लाख, २० वर्षं, शेवटी ५० लाख : परतावा पावणेपाच टक्क्यांच्याही आत. एजंटाने ‘३० लाखांचे ५० लाख’ असं सांगितलं असेल, ते ऐकायला छान वाटतं. आणि विमा २५ लाखांचा, कर्ज ६० लाखांचं. उद्या तुमचं काही झालं तर उरलेले ३५ लाख घरच्यांनी कुठून भरायचे?

आधी साठीपर्यंतचा किमान १ कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीच्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) किती, आणि पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून कमी विम्यावर ती चालू ठेवल्यास) मुदतीअंती बोनससह किती. उदाहरणार्थ, भरलेल्या ६ लाखांचे आज ३ लाख मिळाले आणि ते ८ टक्क्यांच्या कर्जात भरले, तर वाचलेल्या व्याजासह १६ वर्षांअखेर त्यांचे साधारण सव्वादहा लाख होतात. पेड-अप विमा २५ चा पाचवा हिस्सा, ५ लाख, अधिक जमलेला बोनस. हे सव्वादहाच्या वर गेलं तर पेड-अप, नाही तर सरेंडर. घरच रद्द केलं तर ८ ऐवजी एफडीचा करोत्तर दर घालून तोच हिशेब करा, तेव्हा पेड-अप जिंकण्याची शक्यता जास्त. दोन्ही पर्यायांत पुढचे हप्ते बंद.

गिल्ट फंडाबद्दल एवढंच. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आणला, पण १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर ६.८ वरून जेमतेम ६.६ च्या आसपास आला. केंद्र आणि राज्यं मिळून इतकं कर्ज उचलतात की लांब मुदतीचे दर सहज हलत नाहीत. ज्याची तुम्ही वाट बघताय तो वेतन आयोगही त्या कर्जात भरच घालणार. म्हणजे २.८६ वर आणि गिल्ट फंडावर तुम्ही एकाच वेळी पैज लावताय, आणि एक लागली तर दुसरी हरण्याची शक्यता वाढते. ७ च्या आसपास ड्युरेशन (दर एक टक्का चढला की किंमत साधारण किती टक्के पडते, तो आकडा) असलेल्या फंडात दर अर्धा टक्का चढले की साडेतीन टक्के जातात, १२ लाखांवर ४२ हजार. २०१७ च्या मध्यात साडेसहाच्या आसपास असलेला हा दर सप्टेंबर २०१८ मध्ये आठच्या वर होता. फायदा झालाच, तर एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबनेच कर.

एफडी मोडू नका. बुकिंग रद्द केलंत तर त्यातले ५ लाख आपत्कालीन निधी म्हणून बाजूला ठेवा आणि उरलेले पुढच्या घरासाठी तसेच राहू द्या.